पिशवीसोबत काय गेलं

घटस्थापना तोंडावर आली होती आणि शिवकन्या आपल्या धाकट्या जावेला, मनिषाला, घेऊन ओढ्यावर गोधड्या धुवायला गेली होती. पाटोद्याच्या वरच्या अंगाला त्यांचं गाव. नवरात्र बसायच्या आत घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन निघालंच पाहिजे, ही तिच्या सासूची, रुक्मिणीबाईंची शिस्त. ओली गोधडी पिळायला दोघी लागतात. मनिषानं एक टोक धरलं, शिवकन्यानं दुसरं, आणि पीळ देता देता शिवकन्याचा हात थांबला.

तिचा जबडा दुखायला लागला होता. दाढ दुखते तसा नव्हे. कुणीतरी दोन्ही बाजूंनी पकडीत धरल्यासारखा. मग पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मधोमध आग पेटली. अंगाला दरदरून घाम फुटला.

"आक्का, तुमचं तोंड कावून असं पांढरं पडलंय?" मनिषा घाबरली.

"पित्त झालं आसंल. सकाळी शिळी भाकर खाल्ली."

ती दगडावर टेकली. कळ जरा ओसरली. मग तिनं राहिलेल्या गोधड्या पिळल्या, ओल्या गोधड्यांचं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि ओढ्याचा चढ चढून घरी आली. पुढं डॉक्टरांनी हे ऐकलं तेव्हा ते नुसते तिच्याकडं बघत राहिले होते.

घरी आल्यावर नवऱ्यानं, हनुमाननं, दुकानातून सोड्याची बाटली आणून दिली. सासूनं ओवा चावायला दिला, पाठीला तेल चोळलं. रात्र कशीबशी गेली. सकाळी मात्र शिवकन्याला चुलीपासून उठताच येईना. हनुमाननं तिला मोटारसायकलवर मागं बसवलं, पदरानं स्वतःच्या कमरेला बांधलं आणि पाटोदा गाठलं.

तिथल्या डॉक्टरांनी छातीला वायरी लावून ठोक्यांची कागदी पट्टी काढली. ती बघितली. वायरी काढल्या, पुसल्या, परत लावल्या, परत पट्टी काढली.

"वय काय यांचं?"

"अडतीस आसंल," हनुमान म्हणाला.

"यांना अटॅक आलाय. काल आलाय."

हनुमान चक्क हसला. डॉक्टरांनी काही गंमत केली असं त्याला वाटलं. "डॉक्टरसाहेब, आवं बाई हाय ती. अन् बघा की, अंगावर मांस तरी हाय का? अटॅक यायला माणूस जाडजूड लागतो."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी फोन उचलून बीडला गाडी सांगितली. शिवकन्या टेबलावर पडल्या पडल्या छताकडं बघत होती. आपल्याविषयीच चाललंय हे तिला कळत होतं, पण ते शब्द तिच्यापर्यंत येऊन जणू कुणा दुसऱ्याच बाईच्या अंगावर पडत होते. मागच्याच हंगामात ती उसाची मोळी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रॉलीत चढली होती. ऊसतोडीच्या टोळीतल्या बाप्यांचे पाय त्या फळीवर लटपटायचे, तिचे कधी लटपटले नव्हते. अटॅक? तिला?

बीडच्या दवाखान्यात सरकारी योजनेतून तिच्या हृदयाची बंद पडलेली नळी उघडून आत जाळी बसवली. दोन दिवसांनी तिथल्या हृदयाच्या डॉक्टरीणबाई तिच्या खाटेपाशी स्टूल ओढून बसल्या. मध्यम वयाच्या, केस आखूड कापलेल्या, आवाज शांत.

"शुगर नाही, बीपी नाही. तंबाखू?"

"मिश्री लावते सकाळची."

"ती आजपासून बंद. पण तेवढ्यानं या वयात हे होत नाही सहसा. आई-वडिलांना कुणाला?"

"न्हाई."

"पाळी नियमित येते?"

शिवकन्यानं शेजारी उभ्या हनुमानकडं बघितलं आणि मान खाली घातली. "पिशवी काढलीय मही."

"कधी?"

"संस्कृती दोन वर्साची असताना. मही पोरगी. आता बारावीला हाय."

डॉक्टरीणबाईंनी मनात हिशेब केला असावा. त्यांचा चेहरा बदलला. "म्हणजे तेविसाव्या वर्षी? आणि पिशवीसोबत आणखी काय काढलं?"

"आनखी काय आसतंय?"

हा प्रश्न तिनं खरंच विचारला होता. पिशवी म्हणजे पिशवी. तिच्या सासूची काढलेली होती, बहिणीची, संगीताची, काढलेली होती, टोळीतल्या निम्म्या बायकांची काढलेली होती. अंगावरून पांढरं जायचं, पोटात दुखायचं, उसाच्या फडात मधेच बसून राहणं परवडायचं नाही. टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या जीपमध्ये बसून तिघी-चौघी एकदमच दवाखान्यात जायच्या. शिवकन्याही तशीच गेली होती. तिथल्या डॉक्टरानं पोटावर यंत्र फिरवून सांगितलं होतं की पिशवी सडलीय, ठेवली तर कॅन्सर होईल. तो दवाखाना आता बंदही पडला होता. टाके वाळले न वाळले तोच ती परत फडात कोयता घेऊन उभी होती.

दुसऱ्या दिवशी तिला सोनोग्राफीच्या खोलीत नेलं. अंधाऱ्या खोलीत डॉक्टरानं पोटावर गार मलम लावून यंत्र फिरवलं. डावीकडं बराच वेळ. मग उजवीकडं. मग परत डावीकडं.

"दोन्ही नाहीत," तो म्हणाला.

"काय न्हाई?"

त्यानं तिला परत खाटेवर पाठवलं. मग डॉक्टरीणबाईंनीच तिला समजावलं. पिशवीच्या दोन बाजूंना बदामाएवढ्या दोन गाठी असतात. बाईला पाळी येते ती त्यांच्यामुळं. पण त्यांचं काम तेवढंच नसतं. हाडं, झोप, मन, रक्ताच्या नळ्या, या सगळ्यांची राखण त्या गाठींतून निघणारा रस करतो. पन्नाशीच्या आसपास तो आपोआप कमी होतो आणि मग बाईच्या हृदयाला धोका वाढायला लागतो.

"तुमचा तो तेविसाव्या वर्षीच थांबला. एकच कारण असतं असं नाही, पण इतक्या लवकर अटॅक येण्यात त्याचा हात मोठा असू शकतो."

"म्हंजी," शिवकन्या हळूच म्हणाली, "मी तवाच म्हातारी झाले?"

डॉक्टरीणबाईंनी तिच्या पायावरची चादर उगीच सारखी केली.

शिवकन्याला रडू आलं नाही. ती फक्त एकेक आठवत गेली. पौषातल्या थंडीत सगळी टोळी शेकोटीला चिकटून बसायची आणि हिच्या अंगातून वाफा निघायच्या. कोपीच्या, म्हणजे उसाच्या पाचटाच्या झोपडीच्या, बाहेर येऊन ती स्वेटर काढून उघड्या वाऱ्यात उभी राहायची, तेव्हा बायका हसायच्या. "शिवीच्या अंगात बॉयलर हाय कारखान्याचा!" तीही हसायची. गुडघे दुखायचे, ते उसानं. झोप यायची नाही, ती काळजीनं. उगीच रडू यायचं, काळीज धडधडायचं, ते नशिबानं. प्रत्येक दुखण्याला तिनं काही ना काही नाव देऊन ठेवलं होतं. आता ती सगळी नावं खोटी निघाली होती. पंधरा वर्षं तिच्या शरीरात जे चाललं होतं, ते तिच्याशिवाय दुसऱ्या कुणीतरी ठरवलं होतं, आणि तिला सांगायचीही गरज कुणाला वाटली नव्हती.

हनुमान भिंतीला टेकून उभा होता. तिनं त्याच्याकडं बघितलं.

"तुमाला ठावं होतं?"

"न्हाई. आईच्यान न्हाई. तो डॉक्टर म्हणला क्यान्सर हुईल. मी घाबरलो. मी सही केली."

"मला इचारलं का?"

विचारलं नव्हतं हे दोघांनाही माहीत होतं.

घरी आणल्यावर रुक्मिणीबाईंनी सुनेला बाजेवरून खाली पाय ठेवू दिला नाही. पाण्याचा तांब्यासुद्धा हातात आयता. "काळजाचं दुखणं हाय. हलायचं न्हाई," असं त्यांनी साऱ्या गावाला बजावलं. भेटायला येणाऱ्या बायका बाजेच्या कडेला बसून कुणाचा मामा कसा चालता चालता गेला, कुणाचा दीर कसा ताटावरच आडवा झाला, ते सांगून जायच्या. शिवकन्या ऐकायची आणि नकळत हात छातीवर ठेवायची. ठोका जरा जोरात पडला की तिला वाटायचं, आता. भांडं पडलं तरी ती दचकायची. एकदा संस्कृती मागून येऊन गळ्यात पडली तर शिवकन्या किंचाळली आणि मग लेकीचा उतरलेला चेहरा बघून शरमली.

हळूहळू तिच्या पायांतली ताकद गेली. न्हाणीपर्यंत जाताना धाप लागायला लागली. फळीवरून मोळी नेणारी बाई भिंतीला धरून चालू लागली. तिनं मनाशी धरून टाकलं की आता हे असंच. शेवट होईपर्यंत.

म्हणून तपासणीला गेल्यावर डॉक्टरीणबाई जे म्हणाल्या, त्यावर तिचा विश्वासच बसेना.

"व्यायाम सुरू करायचा."

"कुणी? मी?" शिवकन्यानं विचारलं. "म्याडम, मी सात वर्साची हुते तवापासून काम करते. ऊस तोडलाय, खडी फोडलीय, कापूस येचलाय. मला व्यायामाची काय कमी पडली?"

"खाली धनश्रीकडं जा. ती सांगेल."

तळमजल्यावर एका लांब खोलीत खुर्च्या, लाकडी पायऱ्या, निरनिराळ्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या असं सामान होतं. धनश्री म्हणजे पंचविशीतली, वेणी घट्ट बांधलेली, भराभरा बोलणारी मुलगी. हृदयाच्या रोग्यांना परत हिंडतं-फिरतं करायचं तिचं शिक्षण झालं होतं. तिनं शिवकन्याच्या बोटाला चिमटा लावला, दंडाला पट्टा बांधला आणि समोर एक साधी खुर्ची ठेवली.

"ताई, बसा. आता हाताचा टेकू न घेता उठा."

शिवकन्याला हसू आलं. यात काय आहे? ती बसली. उठायला गेली आणि अर्ध्यातून धपकन परत खुर्चीत पडली. तिनं पुन्हा जोर केला. मांड्या थरथरल्या. हात आपोआप खुर्चीच्या दांड्याकडं गेले. ती धनश्रीकडं बघतच राहिली. चोरी पकडली गेल्यासारखं तोंड झालं होतं तिचं.

"मला कुणी करणी केली का म्याडम?"

"पडून राहिल्यानं झालंय. पायांचं गेलंय, ते परत येतं. काम आणि व्यायाम यात फरक आहे, ताई. मोळी उचलताना तुम्ही श्वास कोंडून धरायचा. दम लागला म्हणून कुणी थांबू दिलं का कधी? शरीर थकलं तरी ओढत राहायचं, झोप नाही, पोटाला नीट नाही. इथं आपण उलटं करणार. थोडंसं करायचं, श्वास सोडत करायचं, दम लागायला लागला की थांबायचं, आणि उद्या कणभर जास्त. तुमच्या हृदयाला वाटलं पाहिजे की कुणीतरी आपल्या कलानं घेतंय."

मग रोजच्या वापरातल्याच हालचाली सुरू झाल्या. खुर्चीतून उठणं. एकच पायरी चढणं-उतरणं. भिंतीला हात लावून ढकलणं. दोन्ही हातांत सारख्या वजनाच्या पिशव्या घेऊन खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणं. शिवकन्याला आधी वाटायचं की ही पोरगी आपली थट्टाच करतेय. बादली उचलायला कुणी शिकवतं का? पण धनश्री बारकाईनं बघायची. कंबर न वाकवता गुडघ्यात वाका. उचलताना श्वास बाहेर. बोलत बोलत करा, बोलता आलं नाही तर जास्त होतंय.

काही आठवड्यांनी धनश्रीनं वाळूची एक लांबट पिशवी जमिनीवर ठेवली. "ही उचलून खांद्यावर घ्यायची. जड नाही. तुमच्या मोळीच्या पावपटही नाही."

शिवकन्या वाकली. पिशवीला हात घातला आणि तिथंच थिजली. खालच्या वस्तूला मिठी घालून वर ओढायचं, ते वळण तिच्या हाडांत बसलेलं होतं. तिला एकदम फडातला वास आला, पाचटाची कुसळं मानेत टोचली, टाके ओढले जाऊन पोटात उठलेली ती पहिल्या आठवड्यातली कळ परत उठल्यासारखी वाटली. ती जमिनीवर बसली आणि मोठमोठ्यानं रडू लागली. सोनोग्राफीच्या दिवशी न आलेलं सगळं त्या खोलीत आलं. खोलीतले दोन म्हातारे रोगी पायरी चढायचे थांबून बघत राहिले.

धनश्री तिच्या शेजारी फरशीवर बसली. रडणं ओसरल्यावर म्हणाली, "आज राहू द्या."

"न्हाई," शिवकन्यानं पदरानं तोंड पुसलं. "तवा मला कुणी ऱ्हाऊ द्या म्हणलं न्हाई. तुमी म्हणलात. आता उचलते."

आणि तिनं ती उचलली. श्वास सोडत, गुडघ्यातून.

घरी ती अंगणात करायची. वाळूऐवजी ज्वारीची पिशवी, पायरी म्हणून ओट्याची कड. रुक्मिणीबाईंना ते बघवेना. "जीव द्यायचा का तुला? लोक काय म्हणतील, सासूनं काळजाच्या रोग्याला पोती उचलाय लावली!" शेजारच्या बायका सुरुवातीला कुंपणावरून हसल्या. मग विचारायला लागल्या. मग एकीनं स्वतःच्या घरची खुर्ची आणली. उन्हाळा सरता सरता शाळेच्या मागच्या ओसरीत पाच-सात जणी जमायला लागल्या. एकमेकींच्या उठण्या-बसण्यावर हसायच्या, दम लागला की फतकल मारून गप्पा मारायच्या. शिवकन्याला झोप लागायला लागली होती. वाफा अजून यायच्या, पण आता ती त्यांना ओळखत होती. एक दिवस ती ओढ्याचा चढ न थांबता चढून आली. वर पोचल्यावर तिनं छातीवर हात ठेवला. काळीज धडधडत होतं, पण ते चढाचं धडधडणं होतं, भीतीचं नव्हतं. हा फरक तिला कळला, याचंच तिला नवल वाटलं.

त्याच सुमारास घरात दुसरं काही शिजत होतं आणि तिला पत्ता नव्हता.

भाद्रपद संपत आला होता. एका सकाळी शिवकन्या शेतातून आली तर दारात मुकादमाची जीप उभी. ओसरीत धाकटा दीर प्रविण, हातात कपड्यांची पिशवी. मनिषा आतल्या खांबाला टेकून बसलेली. रुक्मिणीबाई डब्यात भाकरी बांधत होत्या.

"कुठं निघालात?"

"दवाखान्यात," प्रविण म्हणाला. "हिला महिनाभर अंगावर जातंय. डॉक्टर म्हणला, पिशवी खराब हाय. दिवाळीच्या आत उरकून घ्यावं, म्हंजी हंगामाला मोकळी."

शिवकन्याच्या हातातला विळा खाली पडला. मनिषा पंचवीस वर्षांची होती. वर्षभर या घरात शिवकन्याच्या दुखण्याचीच चर्चा होती. बदामाएवढ्या गाठींचं तिनं स्वतः सगळ्यांना सांगितलं होतं. ऐकून सगळे हळहळलेही होते. आणि तरीही तोच डबा, तीच जीप, तेच शब्द. कुणाच्या मनात काडीचंही काही हललं नव्हतं.

"आत्याबाई," तिनं सासूला हाक मारली. आपला आवाज इतका हळू कसा निघाला हे तिलाही कळेना. "तुमची कवा काढली हुती?"

"हनुमान शाळंत जात हुता. का?"

"म्हंजी तुमी तिशीच्या बी नसाल. मग तुमाला थंडीत घाम यायचा का? अंगातून जाळ निघल्यागत?"

रुक्मिणीबाईंचे हात भाकरीवरच थांबले. त्या सुनेकडं बघू लागल्या. कुणी दाराआडून आपल्याला चोरून बघितलं असावं, तशी त्यांची नजर झाली.

"तुला कुणी सांगितलं?"

"यायचा का न्हाई?"

"लई यायचा," त्या म्हणाल्या. "लुगडं भिजायचं. म्या कुणाला सांगितलं न्हाई. मला वाटलं, मव्हं डोस्कं फिराय लागलंय. सासू म्हणायची, बाईला आसतंच. झोप तर तवापासून न्हाईच. शिवे, ते त्याच्यानं हुतं?"

बाहेर जीपवाल्यानं हॉर्न वाजवला.

"वैनी, उशीर हुतोय," प्रविण वैतागला.

"तू गप रे!" रुक्मिणीबाई ओरडल्या. मग खांबाला धरून उठल्या, दारात गेल्या आणि जीपवाल्याला म्हणाल्या, "जा बाबा तू. आमाला यायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी शिवकन्या, मनिषा आणि प्रविण एस.टी.नं बीडला गेले. डॉक्टरीणबाईंनी ओळखीच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडं पाठवलं. तपासणी झाली, रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. बाईंनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाल्या, "पिशवी चांगली आहे हिची. आत जंतूंची लागण झालीय आणि रक्त फार कमी आहे. पंधरा दिवस गोळ्या घ्यायच्या, नवऱ्यानंही घ्यायच्या, आणि रक्तवाढीच्या वेगळ्या. मग परत दाखवायचं."

"गोळ्या?" प्रविण म्हणाला. "नुसत्या गोळ्या?"

मनिषा हसली. सुटल्यासारखी, पोरीसारखी. तिनं शिवकन्याचा हात धरला. तो हात तिला गार लागला.

"बाई," शिवकन्यानं विचारलं, "मला बी असंच व्हायचं तवा. पांढरं जायचं, दुखायचं. मग मव्हं बी गोळ्यांनी..."

तिला पुढं विचारवेना. स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी तिच्याकडं बघितलं आणि नजर टेबलाकडं वळवली. "आता ते कुणीच सांगू शकणार नाही," त्या म्हणाल्या. "पण बहुतेक वेळा, हो."

शिवकन्या उठून बाहेर आली. दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसली. समोर रस्त्यावर पेरूची गाडी उभी होती, रिक्षावाले गिऱ्हाइकावरून भांडत होते, एक बाई लेकराला पाठीवर मारत शाळेकडं ओढत होती. सगळं जिथल्या तिथं. हृदयाची नळी बंद पडली तेव्हा दुखलं होतं, पण ते दुखणं कळलं होतं कुठं आहे. हे कुठं आहे ते सापडतच नव्हतं. पंधरा दिवसांच्या गोळ्या. तिच्या सगळ्या तरुणपणाची किंमत तेवढीच होती आणि कुणी तेवढीही मोजली नव्हती.

घरी आल्यावर तिनं हनुमानला सांगितलं. तो चुलीपुढं बसला होता. त्यानं पुढचं लाकूड आत सारलं.

"मी इचाराय पायजे हुतं," तो म्हणाला. "तुला. अन् दुसऱ्या डॉक्टरला बी."

"व्हय. पायजे हुतं," ती म्हणाली. तिनं त्याला माफ केलं असं म्हणता येणार नाही. पण त्या वर्षी तो उसाला गेला नाही. तेलगावच्या बाजूला कापसाच्या कामावर लागला आणि आठवड्याला घरी येताना आता तो आधी विचारायचा, "गोळ्या हायत का? चढ चढलीस का?" ती उत्तर द्यायची. कधी द्यायची नाही.

डॉक्टरीणबाईंनी पुढच्या तपासणीत सांगितलं की हृदयाची ताकद बरीच भरून आलीय. गोळ्या जन्मभर घ्यायच्या, व्यायामही जन्मभर.

"किती जगंन मी?" तिनं सरळ विचारलं.

"तारीख कुणालाच सांगता येत नाही. पण नीट राहिलात तर नातवंडं खेळवाल."

शाळेमागच्या ओसरीत मनिषाची गोष्ट पोचली होतीच. दिवाळीनंतर निम्म्या बायका उसाला गेल्या. एक दिवस उरलेल्यांचं व्यायामात लक्ष नव्हतं. शेवटी संगीता, शिवकन्याची बहीण, त्याच गावात दिलेली, खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाली, "बाय, मव्हं काय काय काढलं आसंल? ते कुणाला इचारायचं?"

कुणालाच माहीत नव्हतं. आपल्याच पोटात काय शिल्लक आहे हे ठाऊक नसलेल्या बायका एकमेकींची तोंडं बघत राहिल्या.

मग त्या सगळ्या एका सोमवारी बीडला गेल्या. रुक्मिणीबाईही गेल्या. सोनोग्राफीच्या खोलीबाहेरच्या बाकावर रांगेनं बसल्या. एकेक आत जायची आणि बाहेर यायची. पहिली बाहेर आली ती थेट बाकाच्या टोकाला जाऊन बसली. दुसरीही तशीच. संगीता हसत बाहेर आली. "मव्हं एक हाय गं, एक ठिवलंय!" पण बाकीच्यांची तोंडं बघून तिचं हसू तिथंच विरलं. ती उगीच पदर सारखा करत उभी राहिली. रुक्मिणीबाई शेवटी आल्या. त्यांनी नकारार्थी मान हलवली. वय झालंय, आता असून नसून सारखंच, असं आतल्या डॉक्टरानं सांगितलं होतं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

धनश्री जिना चढून वर आली. सगळ्यांकडं एकदा बघितलं. "खाली येता का? सगळ्यांचं बीपी बघते," ती म्हणाली.

बायका उठल्या. रुक्मिणीबाईंनी सवयीनं शिवकन्याच्या दंडाकडं हात नेला. शिवकन्या जागची हलली नाही.

"हात न टेकता, आत्याबाई. श्वास सोडा आन् उठा."

म्हातारी चिडून तिच्याकडं बघायला लागली. मग तिनं दोन्ही पाय फरशीवर नीट रोवले, तोंडानं फू करून श्वास सोडला आणि थरथरत उभी राहिली. आपण उभ्या आहोत हे कळल्यावर तिनं घाबरून इकडंतिकडं बघितलं. धरायला काहीच नव्हतं.

"चला," शिवकन्या म्हणाली, आणि सगळ्या जिन्याकडं निघाल्या.